परदेशच्या आकाशांतली पहिली उडी

इ. स. १९१९ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस अमेरिकेंतील डेटन शहराजवळच्या मॅक्कुक मैदानावर लेस्ली अर्व्हिन या तरुणानें विमानांतून उडी टाकली. त्याची हवाई छत्री विमानाला बांधलेली नव्हती. कांहीं अंतर मोकळेपणानें खालीं आल्यावर त्यानें स्वतःच्या हातानें दोरी ओढून ती उघडावयाची होती. माणूस असा पडूं लागला कीं त्याची शुद्ध हरपेल आणि हात हलणार नाहीं, असें त्या काळीं पुष्कळांचें मत होतें. अर्व्हिनची शुद्ध हरपली नाहीं. हात हलला, छत्रीहि उघडली. मात्र जमिनीवर टेकतांना त्याचा घोटा मोडला. ज्या आकाशाची सर्वांना धास्ती होती त्यानें त्याला सुखरूप सोडलें. दुखापत झाली ती जमिनीवर. या विद्येंत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी त्या दिवसाचा धडा जुना झालेला नाहीं. नुकतीच उडी शिकून परक्या देशच्या मैदानावर जाणाऱ्या माणसानें तर तो प्रथम ध्यानांत घ्यावा असा आहे.

आज हौसेखातर उडी घेणारा मनुष्य बहुधा सुमारें १३,००० फूट उंचीवर विमान सोडतो. दहा-बारा सेकंदांत त्याचा वेग ताशीं १२० मैलांच्या आसपास जातो आणि तेथेंच स्थिरावतो. कारण त्या वेगाला हवेचा विरोध आणि शरीराचें वजन यांची बरोबरी होते. असें सुमारें एक मिनिट गेल्यावर छत्री उघडावयाची. जुनी छत्री घुमटासारखी गोल असे व वारा नेईल तिकडे जाई. डोमिना जाल्बर्ट याच्या १९६४ सालच्या शोधापासून निघालेली आजची छत्री लांबट चौकोनी असते. तिच्या कप्प्यांत समोरून हवा भरते आणि ती पंखासारखी हवेंतून पुढें सरकते. दोन्ही हातांतील दोऱ्यांनीं ती वळवितां येते, तिची गति मंदावितां येते. पाठीवरच्या त्याच पिशवींत एक राखीव छत्रीहि असते. आणि मनुष्यास उंचीचें भान राहिलें नाहीं तर सुमारें ७५० फुटांवर ती राखीव छत्री आपोआप उघडणारें एक लहानसें यंत्रहि बहुतेक ठिकाणीं बसविलेलें असतें.

साधनें इतकीं भरंवशाचीं झालीं असतां उणीव राहते ती अनुभवाची. अमेरिकेंतील राष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणें पहिल्या, म्हणजे ‘ए’ वर्गाच्या, परवान्यास निदान २५ उड्या लागतात. दुसऱ्यास ५०, तिसऱ्यास २०० आणि चौथ्यास ५००. पंचवीस उड्या हा आंकडा कानाला मोठा वाटतो. पण त्यांतील मोकळ्या पडण्याचा सर्व वेळ एकत्र केला तर तो अर्धा तासहि भरत नाहीं. शिवाय परवाना मिळतांच एक सूक्ष्म फरक घडतो. विद्यार्थी असतांना जमिनीवरचा वारा ताशीं १४ मैलांहून अधिक झाला कीं नियमच त्याला विमानांत चढूं देत नाहीं. परवानाधारकाला त्या नियमांत अशी मर्यादा नाहीं. काल जें ‘नको’ शिक्षक म्हणत असे, तें आज ज्याचें त्यानें स्वतःशीं म्हणावयाचें असतें. परवाना हें विद्येच्या समाप्तीचें प्रमाणपत्र नव्हे; स्वतःवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी अंगावर आल्याची ती खूण आहे.

ही जबाबदारी परदेशीं कशी वाढते तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका तरुणानें ॲरिझोना संस्थानांतील एलॉय येथें परवाना मिळविला. तेथें भोंवतीं सपाट वाळवंट. उतरण्याची जागा थोडी चुकली तरी खालीं बहुधा मोकळी जमीनच. दोन-तीन महिन्यांनीं तो स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावरील एम्पुरियाब्रावा या प्रसिद्ध ठिकाणीं जातो. तेथें एका बाजूस भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूस कालव्यांच्या कांठीं वसलेलें गांव. उत्तरेकडून, पिरेनीज पर्वतावरून, त्रामोंताना नांवाचा वारा उतरतो. तो जोरकस व झोत्यांचा असतो. छत्री, पिशवी, विमान सारें ओळखीचें दिसतें, पण खालचा देश निराळा असतो. अमेरिकेंतील नियमांत प्रत्यक्ष पाण्यांत उतरण्याचा सराव दुसऱ्या वर्गाच्या परवान्यासाठीं सांगितला आहे. तेव्हां नव्या ‘ए’ परवानाधारकानें तो केलेला नसण्याचाच संभव अधिक, आणि येथें तर समुद्र डोळ्यांसमोर!

मापांचीहि अडचण आहे. अमेरिकेंत उंची फुटांत मोजतात, युरोपांत बहुतेक ठिकाणीं मीटरमध्यें. तीन हजार फुटांच्या खालीं छत्री उघडावयाची नाहीं, हें ज्याच्या मनावर बिंबलें आहे त्याला मनगटावरच्या उंचीमापकांत सुमारें ९०० हा आंकडा शोधावा लागतो. १२० मैलांच्या वेगानें हजार फूट जाण्यास सहा सेकंदहि लागत नाहींत; तेवढ्यांत हिशेब करीत बसण्यास सवड कोठली? हा हिशेब जमिनीवर आधींच झाला पाहिजे. उंच प्रदेशांत आणखी एक गोष्ट घडते. समुद्रसपाटीपासून पांच हजार फूट उंचीच्या गांवीं हवा विरळ असल्यामुळें तीच छत्री सुमारें आठ टक्के अधिक वेगानें जमिनीकडे येते. उन्हाळ्यांत याहूनहि अधिक. भाड्यानें छत्री घेतांना म्हणूनच लहान, चपळ छत्रीचा मोह आवरावा. साधनांसह वजन जितके पौंड, निदान तितके चौरस फूट कापड डोक्यावर असावें, असा नवशिक्यांसाठीं साधा हिशेब सांगतात.

परंतु सर्वांत मोठा धोका शेवटच्या हजार फुटांत असतो. छत्री उघडली, आतां भीति सरली, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. ती खरी नव्हे. अमेरिकेच्या संघटनेनें २०२३ सालीं सुमारें साडेछत्तीस लाख उड्यांमागें १० मृत्यूंची नोंद केली. प्रमाण अल्प आहे खरें. पण गेल्या कांहीं दशकांतील पुष्कळ प्राणघातक अपघात छत्री उत्तम उघडलेली असतांना, उतरतेवेळीं झालेले आहेत. त्याचें कारण साध्या बेरीज-वजाबाकीचें आहे. छत्रीचा पुढें जाण्याचा वेग ताशीं २० मैल आणि वारा १२ मैल धरला, तर वाऱ्याकडे तोंड करून उतरणारा जमिनीवर ताशीं ८ मैलांनीं पुढें जातो, आणि वाऱ्याबरोबर उतरणारा ३२ मैलांनीं. म्हणून सुमारें हजार फुटांवर वाऱ्याबरोबर निघावें, सहाशेंवर आडवें वळावें आणि तीनशें फुटांवर वाऱ्याकडे तोंड करून सरळ यावें, असा क्रम शिकविलेला असतो. नव्या ठिकाणीं वारा दाखविणारी कापडी पिशवी वेळेवर दिसत नाहीं, खुणेचें झाड आठवत नाहीं, आणि आपण उलट दिशेनें येत आहों हें शंभर फुटांवर कळतें. त्या क्षणीं हात सहज एका बाजूची दोरी ओढतो. छत्री वळते, पण वळतांना ती झपाट्यानें खालीं झेपावते, आणि सावरण्यास उंची उरलेली नसते. अशा वेळीं छत्री समतोल ठेवून, आहे त्या दिशेनें सरळ उतरावें, शेवटीं दोन्ही दोऱ्या सारख्या ओढाव्या आणि पाय जुळवून अंग लोळूं द्यावें. कपडे फाटतील, गुडघे खरचटतील, लोक हंसतीलहि. पण माणूस वांचेल.

तेव्हां परदेशीं पहिल्या दिवशीं करावयाचीं कामें साधीं आहेत. साठ दिवसांत उडी झाली नसेल तर तें आपण होऊन सांगावें व उजळणी मागावी. मैदानाचें आकाशांतून घेतलेलें छायाचित्र पाहून उतरण्याची जागा, तारा, पाणी आणि अडचणीच्या वेळचीं मोकळीं शेतें विचारून घ्यावीं. पहिलें विमान सोडून द्यावें आणि इतर मंडळी कशीं उतरतात तें खालून पाहावें. पहिली उडी एकट्यानें किंवा तेथील जाणत्या माणसाबरोबर घ्यावी. थव्यांत जाऊं नये. आणि वारा वाढला तर पैसे भरले आहेत, सुटी संपत आली आहे, मित्र निघाले आहेत, या तिन्ही कारणांकडे पाठ फिरवावी.

महाराष्ट्राला या विद्येचें नवल राहिलेलें नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर आणि २००६ सालीं अंटार्क्टिकावर उडी घेतली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं थायलंडांत त्यांनीं नऊवारी नेसून उडी घेतली. वृत्तपत्रांतील छायाचित्रांत आकाश दिसतें, साडीचा रंग दिसतो. उडीपूर्वीं कोणकोणते बंद किती वेळां तपासले असतील तें दिसत नाहीं. घरांतील मुलगा किंवा मुलगी असें परदेशचें आकाश पाहावयास निघाली, तर वडीलधाऱ्यांनीं ‘भीति वाटत नाहीं का?’ हा प्रश्न बाजूस ठेवावा. ‘वारा वाढला तर विमानांतून परत खालीं येशील ना?’ एवढेंच विचारावें. त्याचें उत्तर विनासंकोच ‘हो’ असें आलें, तर तें मूल खरोखर उडी शिकलें आहे असें समजण्यास हरकत नाहीं.