पेशीच्या पोटात (भाग ७) : एकाला एकच

गेल्या आठवड्यात गुणसूत्रं आखडून जाड कशी होतात ते पाहिलं. आता त्यांना दोन बाजूंना ओढणाऱ्या तर्कुतंतूंकडे वळायचं, पण त्याआधी तंतूंच्या टोकाशी बसलेल्या सेंट्रिओलकडे. शालेय पुस्तकातलं तारककाय ते हेच. परीक्षेत आपण पेशीच्या दोन ध्रुवांवर दोन ठिपके देतो, त्यातून रेषा काढतो, गुण घेतो आणि मोकळे होतो. ठिपक्याची चौकशी कोणी करत नाही.

हा ठिपका म्हणजे खरं तर आखूड नळकांडं. माणसाच्या पेशीत त्याची लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी, जाडी साधारण तिच्या निम्मी. भिंत सूक्ष्मनलिकांची: तीन-तीनच्या नऊ जुड्या गोलाकार उभ्या. थिओडोर बोवेरी या जर्मन शास्त्रज्ञाने घोड्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी तपासून १८८८च्या सुमारास सेंट्रोसोम हे नाव रूढ केलं, तेव्हा त्याला ठिपकाच दिसत होता. नऊ जुड्या दिसायला १९५०च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. दोन सेंट्रिओल आणि त्यांच्याभोवतीचा प्रथिनांचा दाट थर मिळून सेंट्रोसोम होतो. सूक्ष्मनलिका फुटतात त्या या थरातून. गॅमा ट्युब्युलिनची कडी त्यांची सुरुवात करून देतात.

विभाजनाआधी एका जोडीच्या दोन जोड्या व्हायला हव्यात. डीएनएची नक्कल सुरू होते त्याच सुमारास हेही काम सुरू होतं, पण रीत वेगळी. डीएनएचे दोन धागे सुटतात आणि प्रत्येकावर नवा धागा विणला जातो. सेंट्रिओल मात्र उलगडत नाही. तो जागच्या जागी राहतो आणि त्याच्या बुडाशी, काटकोनात, नवं पिल्लू वाढू लागतं. आधी उभा राहतो तो सांगाडा, बैलगाडीच्या चाकासारखा, नऊ आऱ्यांचा. एसएएस-६ या प्रथिनाचे रेणू जोडीजोडीने एकत्र येतात आणि नऊ जोड्यांचं कडं पूर्ण होतं. नऊ हा आकडा बराचसा या रेणूंच्या घडणीतूनच येतो. पुढे त्या चाकाभोवती सूक्ष्मनलिका रचल्या जातात.

पण पिल्लू एकच का? जुन्या सेंट्रिओलला चहूबाजूंनी जागा मोकळी असते. इथे सूत्रं पीएलके-४ या विकराकडे असतात. सुरुवातीला ते जुन्या सेंट्रिओलभोवती कड्यासारखं पसरलेलं असतं, मग आक्रसून एका जागी गोळा होतं. पिल्लू तिथेच उगवतं. प्रयोगशाळेत पेशीला हे विकर जास्त बनवायला लावलं, की एकाच सेंट्रिओलभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी अनेक पिल्लं धरतात. ते काढून घेतलं तर एकही नाही. म्हणून पेशी त्याला कायम तुटवड्यात ठेवते. आणि ती जबाबदारीही तिने त्याच्याच गळ्यात टाकली आहे: पीएलके-४ स्वतःवरच फॉस्फेटची खूण करतं आणि त्या खुणेमुळे नष्ट केलं जातं.

दुसरं कुलूप आणखी साधं. पिल्लू चिकटलेलं आहे तोवर जुन्याला दुसरं होत नाही. ही पकड सुटते विभाजन संपता संपता, आणि ती सोडवण्यात सेपरेझ या विकराचा हात असतो. गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती एकमेकींपासून तोडणारं विकरही तेच. एकाच कात्रीने दोन्ही हिशेब मिटवण्याची ही काटकसर मला फार आवडते.

हिशेब चुकला तर दोनाऐवजी तीन-चार ध्रुव होतात आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडते. दोन शुक्रपेशी शिरलेल्या समुद्री अर्चिनच्या अंड्यांत बोवेरीने हे पाहिलं होतं. त्यातूनच १९१४च्या पुस्तकात त्याने मांडलं, की कर्करोगाचं मूळ अशा बिघडलेल्या वाटणीत असू शकेल. अनेक गाठींच्या पेशींत आज खरोखरच जास्तीचे सेंट्रोसोम सापडतात.

एवढा बंदोबस्त पाहून वाटतं, सेंट्रिओलशिवाय विभाजन अशक्यच असणार. तसं नाही. वडात, ज्वारीत, आंब्यात सेंट्रिओल नसतातच, तरी त्यांच्या पेशी विभागतात. २००६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नवे सेंट्रिओल न बनवू शकणाऱ्या फळमाश्या वाढवल्या. त्या जवळजवळ वेळेवर, धडधाकट दिसत कोशातून बाहेर आल्या आणि थोड्याच वेळात मेल्या. त्यांचं अडलं ते सिलियांपाशी. पेशीच्या अंगावरचे हे सूक्ष्म रोम सेंट्रिओलच्या बुंध्यावरच उगवतात. ते नसल्याने माश्यांच्या संवेदी चेतापेशी निकामी होत्या आणि शरीराचा तोल सांभाळला जात नव्हता.

म्हणून पुस्तकातली आकृती थोडी उलटी वाचावी असं माझं मत आहे. सेंट्रिओल तर्कू चालवतो त्यापेक्षा तर्कूवर बसून प्रवास करतो, म्हणजे दोन्ही लेकपेशींना आपापला वाटा नक्की मिळतो. तरी त्याला निव्वळ फुकट्या प्रवासी म्हणता येत नाही. २०१५मध्ये पीएलके-४ रोखणारं सेंट्रिनोन हे रसायन वापरून पाहिलं, तेव्हा सेंट्रिओल हरवलेल्या निरोगी मानवी पेशी विभागायच्या थांबल्या. त्यांना थांबवलं पी-५३ या पहारेकरी प्रथिनाने. कर्करोगाच्या कित्येक पेशी मात्र तशाच विभागत राहिल्या. शिवाय सेंट्रिओल घडवणाऱ्या काही जनुकांत दोष असला, तर मूल लहान मेंदू घेऊन जन्मतं. वाढत्या मेंदूतल्या मूळपेशींना विभाजनातली दिरंगाई सोसत नाही.

तर्कुतंतू गुणसूत्राला नेमकं कुठे पकडतात, ते पुढच्या भागात.