पोटाला अन्न, हाताला काम

श्रोतेहो, भुकेल्याला जेवू घालणं हे पुण्य खरंच. पण उद्या त्यानं काय खायचं? पंडिता रमाबाईंना हा प्रश्न ठाऊक होता. त्यांचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच गेले. पुढं १८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी निराधार मुली-बायका त्यांनी आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावी त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेबरोबर जेवण होतं. जोडीला शाळा, विणकाम, छापखाना नि शेतीही होती. अंध मुलींनाही लिहा-वाचायला शिकवलं. आता भाट्याचंच पाहा. किनाऱ्यावर नारळाची सोडणं का थोडी आहेत? गुरुजी, देवळात वा चर्चमध्ये पंगत बसेल, तेव्हा शेजारच्या एकट्या बाईला काथ्याची दोरी वळायला शिकवायचंही मनावर घ्या.