रिकाम्या बाकांचा जमाखर्च

उल्हासनगर स्टेशनासमोरचं चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सगळ्यांच्या तोंडी 'सीएचएम' आहे. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. त्याच वर्षी विस्थापित सिंधी शिक्षणप्रेमींनी मुंबईत हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन केलं आणि १९६५ मध्ये या बोर्डाने इथे सीएचएम काढलं.

अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांना हे कॉलेज जवळचं. पण तीच लोकल पुढे डोंबिवली, ठाणे, मुंबईलाही जाते. त्यामुळे जूनमध्ये भरलेली तुकडी ऑगस्टमध्ये तेवढीच राहील, याची खात्री या पट्ट्यातल्या कुठल्याच कॉलेजला नसते. यूजीसीच्या नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत जागा सोडणाऱ्याला ८० टक्के आणि महिनाभरात सोडणाऱ्याला ५० टक्के शुल्क परत द्यावं लागतं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच. पण कॉलेजच्या लेखापालाला तोवर जमेची बाजू पक्की धरता येत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा आली, तर ओढाताण आणखी वाढते.

अनुदानित तुकड्यांवरच्या कायम शिक्षकांचा पगार सरकार देतं. बीएमएस, आयटीसारखे विनाअनुदानित वर्ग मात्र फीवरच चालतात. तिथे दहा बाक रिकामे राहिले, तरी वीज, प्रयोगशाळा आणि शिकवणाऱ्याचा खर्च तेवढाच राहतो.

परदेशी विद्यार्थ्यांवर विसंबलेल्या विद्यापीठांत हीच जोखीम अनेक पटींनी मोठी असते. २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि तिथल्या अनेक कॉलेजांचं अंदाजपत्रक कोलमडलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी शाखांनी तर २०१७ मध्ये चिनी विद्यार्थी घटण्याच्या भीतीने चक्क विमा उतरवला. वर्षाला सुमारे सव्वाचार लाख डॉलर हप्ता आणि संरक्षण सहा कोटी डॉलरचं.

भारताने वेगळी वाट धरली आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर संख्येच्या वर असतात. २०२२ पासून त्या २५ टक्क्यांपर्यंत देता येतात. त्या रिकाम्या राहिल्या तरी मूळ तुकडीला धक्का लागत नाही. परदेशी फी ही वरकड मिळकत ठरते, संस्थेचा पाया तिच्यावर उभा राहत नाही.

पण देशी बाक रिकामे राहिले तर काय? सीएचएमसारख्या जुन्या संस्थेला अनुदानाचा आधार असतो. केवळ विनाअनुदानित वर्गांवर चालणाऱ्या कॉलेजला तो नसतो. अशा वेळी राज्यभर एकच तोडगा दिसतो, तो म्हणजे सीएचबी, तासिका तत्त्वावरचा शिक्षक. तुकडी भरली तर त्याला तास मिळतात, नाही भरली तर तास गेले आणि मानधनही गेलं. इलिनॉयने विमा कंपनीला हप्ता दिला. आपल्याकडे तो हप्ता हा शिक्षक स्वतःच्या मिळकतीतून भरतो.

संस्थांनी चांगल्या वर्षातली शिल्लक राखीव निधीत टाकावी आणि सरकारने शिष्यवृत्तीची रक्कम वेळेत द्यावी. रिकाम्या बाकाचा तोटा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याच माथी मारणं हे आर्थिक नियोजन नव्हे.