बॅचलर पोट्टी

मंडळी, फायनल इयर पार पडलं की माझ्या डिग्रीवर छापून येणार, ‘बॅचलर’! डिक्शनरीत याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे बिनलग्नाचा पुरुष. म्हणजे आमचं अख्खं लेडीज होस्टेल दरवर्षी बॅचलर होऊन बाहेर पडतं आणि कोणाला काही वाटत नाही. पण त्याच्या जोडीचा बायकी शब्द ‘स्पिन्स्टर’, तो कोणी स्वतःला लावून घेईल का? म्हटलं, या शब्दांची कुंडलीच काढू.

‘बॅचलर’ म्हणजे आधी उमेदवारी करणारा तरुण सरदार, मग पहिली पदवी घेणारा, आणि अविवाहितही. शब्दाचा मान कुठे गेला नाही. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी. आपल्याकडे हे हलकं काम नव्हे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुतावरच उभी राहिली, आणि शेजारच्या सेवाग्रामात तर चरखा म्हणजे मानाची गोष्ट. इंग्लंडात मात्र सतराव्या शतकात हा शब्द कायद्याच्या कागदावर अविवाहित बाईसाठी आला आणि पुढे ‘लग्न न जमलेली’ असा टोमणा झाला. २००५ साली तिथल्या विवाहनोंदणीतून दोन्ही शब्द गेले. आता दोघंही ‘सिंगल’.

आणखी बघा. ‘हसी’ म्हणजे निर्लज्ज बाई, पण मूळ शब्द चक्क ‘हाउसवाइफ’! ‘मिस्ट्रेस’ ही घरची मालकीण होती, तिची ठेवलेली बाई झाली. ‘मास्टर’ मात्र अजून मास्टरच आहे. ‘हार्लट’ एके काळी भटक्या पुरुषाला म्हणत, बाईला चिकटल्यावर त्याचा अर्थ वेश्या झाला. म्युरिएल शुल्झ या अभ्यासक बाईंनी १९७५ साली नेमक्या या घसरणीवर लेख लिहिला.

इंग्रजांना हसू नका, आपलंही तेच आहे. बाळाच्या सहाव्या दिवशी कपाळावर नशीब लिहिणारी सटवाई, आणि भांडणात तीच ‘सटवी’. ‘रांड’ म्हणजे मुळात विधवा. नवरा मेला, एवढाच तिचा गुन्हा!

आणि पुरुषाला शिवी द्यायची तरी बाईच लागते. ‘सिसी’ आला सिस्टरवरून, आपला ‘बायल्या’ आला बाईल म्हणजे बायकोवरून. बहीण आणि बायको, यात शिवी कोणती हो? पण फर्स्ट इयरचा एखादा अबोल पोट्टा या एका शब्दाने मेसमध्ये यायचा बंद होतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात मारहाणच नाही, चिडवणं, शिवीगाळ आणि लाज वाटेल असं वागणंही येतं. ‘गंमत केली बे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मग बोलायचंच नाही का? बोला ना! फक्त शब्द तोंडात आला की त्याची जोडी तपासा. ‘पोट्टा’ आणि ‘पोट्टी’ घ्या. पुण्या-मुंबईचे लोक हसतात, पण दोघांचं वजन सारखं आहे. इंग्रजीतला ‘गर्ल’ शब्दही जुन्या काळी मुलगा-मुलगी दोघांना चालायचा. जोडीतला एक शब्द मानाचा आणि दुसरा चिखलातला निघाला, तर चूक त्या बाईची नाही, बोलणाऱ्यांची आहे.

बाकी डिग्री हाती आली की मी ‘बॅचलर’ म्हणूनच मिरवणार. हा शब्द आता आम्हा पोट्ट्यांचाही आहे!