खाडीपलीकडची पत्रे

मानखुर्दहून आगगाडीने खाडी ओलांडावयास आज काही मिनिटे पुरतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र हे पाणी म्हणजे दोन राज्यांमधली सीमा होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे पनवेलच्या बाजूस पेशवे. मुंबईचे टपाल होडीने पनवेलला उतरे आणि बोरघाट चढून पुण्यास जाई.

त्या पुण्यात 1811 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून आला. आम्ही त्याला मुत्सद्दी म्हणून ओळखतो. पण एडवर्ड स्ट्रेची या मित्रास वर्षानुवर्षे लिहिलेल्या खाजगी पत्रांतून निराळाच माणूस भेटतो. ग्रीक ग्रंथकार, फारसी कवी यांच्या वाचनाच्या गोष्टी, आणि त्यांच्या जोडीला शिकार व मित्रमंडळींची हालहवाल.

5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. त्याचा ग्रंथसंग्रहही तीत गेला. मित्राच्या हाती पोचलेली पत्रे मात्र वाचली, आणि 1884 साली कोलब्रुक यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ती छापून आली. पत्र लिहिणाराच्या घरी राहत नाही. ते ज्याला पोचले त्याच्या घरी जगते, एवढे यावरून ध्यानी यावे.

मग आपल्या माणसांच्या पत्रांचे काय? त्याच काळी पुण्यात होनाजी बाळांच्या लावण्या गाजत होत्या. शाहीर राम जोशी 1812 पर्यंत हयात होते. 1805 साली श्रीरामपुरास मराठी छपाई सुरू झाली खरी, तरी घरोघर पोथी हातानेच उतरून घ्यावी लागे. पत्रे बोरूने, मोडीत लिहीत. आरंभी नात्याला शोभेल असा मायना, मग येथील क्षेमकुशल, आणि पुढे ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर : सोयरीक, आजार, देणेघेणे, धान्याचा भाव. स्त्रियांचा निरोप बहुधा दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरे.

असे कागद कोठे गेले? पुष्कळसे नाहीसे झाले; काही अजून माळ्यावर, जुन्या रुमालांत बांधलेले असतील. शाळांतून मोडी गेली, तेव्हा नातवाला आजोबांचे अक्षर परके झाले. न वाचता येणारा कागद रद्दीत जावयास वेळ लागत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : असा रुमाल हाती आला तर टाकण्यापूर्वी मोडी जाणणारास एकदा दाखवावा. परक्या साहेबाच्या मनातले आपण आज वाचू शकतो. आपल्याच पणजोबांचे मात्र वाचावयाचे राहून जाऊ नये.