राजदूत उघडताना

राजदूत सुरू होत नसेल तर आधी पाना हातात घ्यायचा नाही. वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. आधी टाकीचा कॉक उघडा आहे का बघायचं. मग झाकण काढून गाडी थोडी डावी-उजवी हलवायची आणि आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज ऐकायचा. मग चावी न लावता किक हातानं हळू दाबायची. मधेच अडून मग खाली गेली तर इंजिनात दाब आहे. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर मात्र काम मोठं आहे, चहा पिऊनच बसावं.

अहमदपूरच्या आमच्या घरी, अंगणातल्या लिंबाखाली, ही गाडी तीस-बत्तीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे चालती. दादांनी ती जुनीच घेतली होती. या गावाला रेल्वे नाही. लातूरला जा, नांदेडला जा, एसटी नाहीतर स्वतःचं वाहन. खेड्यात मुक्कामी जाणारी एसटी चुकली की रात्र फाट्यावर. त्यामुळे माझ्या लहानपणी तलाठी, शाळामास्तर, गुरांचे डॉक्टर आणि दुधाच्या किटल्या नेणारे, अशा खडीच्या रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्यांच्या दारात हमखास राजदूत दिसायची. लांबून आवाज आला की घरातल्या बाया चुलीवर चहा ठेवायच्या. धडधड नव्हे, एक कोरडा, टणक फटफटाट.

ही गाडी मुळात पोलंडची. तिथल्या केल्त्से शहरातल्या एसएचएल कारखान्यानं ‘एम-११’ नावाची मोटारसायकल काढली होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं तंत्र भारतात आलं आणि फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं ती ‘राजदूत’ या नावानं बनवली. एस्कॉर्ट्स म्हणजे १९४४ साली लाहोरात सुरू झालेली आणि फाळणीनंतर इकडे आलेली नंदा बंधूंची कंपनी. त्याच काळात पोलंडच्याच उर्सुस कंपनीच्या साथीनं त्यांनी ट्रॅक्टरही बनवले. म्हणजे शेतातलं आणि दारातलं, दोन्ही यंत्रं एकाच दूरच्या देशातून आली होती आणि आमच्याकडे कुणालाच त्याची खबर नव्हती. पुढे १९७३च्या ‘बॉबी’ सिनेमात लहान चाकांची राजदूत दिसली आणि तिला लोक बॉबीच म्हणायला लागले. १९८३ साली यामाहाचं तंत्र घेऊन राजदूत ३५० आली. ती वेगवान गाडी आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांत सोन्याच्या भावानं जाते. मी बोलतोय ते मात्र साध्या १७५बद्दल: १७३ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीन गिअर, सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा आणि साडेसात अश्वशक्तीच्या आसपासची ताकद. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. कमी पेट्रोल, ऑइल मिसळायची कटकट नाही. नव्वदच्या दशकात धुराचे नियम आले, २००० साली ते आणखी कडक झाले, आणि टू-स्ट्रोकचा जमाना आटोपला.

घरच्या घरी दुरुस्त करायला हिच्याइतकं सोयीचं इंजिन मी पाहिलं नाही. चार-स्ट्रोकमधल्या व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यांतलं काहीच आत नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. येणं-जाणं तेवढ्यावर भागतं. हलणारे मोठे भाग बोटावर मोजण्याइतके. म्हणून बिघाड शोधताना प्रश्नही तीनच राहतात: पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, दाब धरतोय का. बहुतेक लोक कार्बोरेटरवर तुटून पडतात, कारण तो बाहेर असतो आणि दोन नटांत निघतो. दादा म्हणायचे, “जे सहज निघतं त्याच्यावर पहिला आळ घेऊ नको.”

करंट बघायला प्लग काढायचा, वायरच्या टोपीत बसवायचा, त्याची धातूची बाजू हेडला टेकवायची आणि किक मारायची. भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग तिथून लांब धरायचा. सावलीत निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरतुकडी दिसली तर मॅग्नेटच्या झाकणाआडचे पॉइंट बघायचे. दोन्ही पॉइंट पूर्ण उघडले की त्यांच्यात साधारण ०.४ मिलिमीटर फट हवी. फिलर गेज नसेल तर दाढीची ब्लेडं घ्यायची. एक ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, चार एकावर एक धरली की माप तयार. पॉइंट जळून त्यांवर खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासून कोऱ्या कागदानं पुसायचे. ते पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष कंडेन्सरचा. तो बदलल्याशिवाय घासणं व्यर्थ.

प्लग हा तर इंजिनाचा जबाबच. टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं तांबूस-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. राखेसारखं पांढुरकं असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय, इंजिन तापतंय, आणि हे काळ्यापेक्षा जास्त घातक. काळ्या प्लगची गाडी नुसती बंद पडते. पांढऱ्या प्लगच्या गाडीचा पिस्टन धरतो.

ऑइलचं गणित नीट समजून घ्यावं लागतं. या इंजिनात क्रँकला वेगळं ऑइल नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच क्रँककेसमधून जाताना बेअरिंग आणि पिस्टन ओले ठेवतं. आम्ही लिटरला चाळीस-पन्नास मिली टाकतो. कमी टाकलं तर पिस्टन चिकटतो, जास्त टाकलं तर सायलेन्सर कोंदतो. यातूनच एक गोष्ट निघते, जी बालाघाटाच्या उतारांवर फार महत्त्वाची आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद केला तर इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल जवळपास येतच नाही. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. चाकांनी फिरवलेलं इंजिन कोरडं फिरत राहतं. म्हणून लांब उतारावर मधून मधून अ‍ॅक्सिलरेटर थोडा द्यायचा. पेट्रोल वाचवायच्या नादात अनेकांनी असेच पिस्टन घालवले, आणि लेथवर बोअर करायच्या खर्चात वाचवलेलं पेट्रोल कैकपटीनं गेलं.

मला खरा धडा मिळाला तो माळेगावच्या यात्रेला जाताना. मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांच्या बाजारांनी रस्ता फुललेला. अहमदपूर सोडलं आणि दहा-बारा किलोमीटरवर गाडी मंदावली, गुदमरल्यासारखी झाली आणि बंद पडली. दहा मिनिटं थांबून किक मारली तर एका किकेत सुरू. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे मॅग्नेटच्या कॉइलचं ठरलेलं लक्षण. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की तापल्यावर करंट गळतो. वाटेत एका मिस्त्रीनंही तेच सांगितलं. नवी कॉइल बसवली. परत येताना गाडी आणखी दोनदा बंद पडली.

दादांनी घरी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बंद पडल्याबरोबर करंट बघितलास का?”

नव्हता बघितला. गार झाल्यावर बघितला होता आणि तेव्हा तो चांगलाच होता. गाडी आजारी असताना तपासायची सोडून ती बरी झाल्यावर मी नाडी धरत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. गाडी बंद पडली, तसा मी तिथंच रस्त्याच्या कडेला प्लग काढला. निळी, कडक ठिणगी. म्हणजे करंट नव्हे, पेट्रोल. दादांनी टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून फुस्स असा आवाज आला. टाकीनं हवा आत ओढली होती. झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून हवा आत येते. महिन्यापूर्वी झाकणातून पेट्रोल झिरपतं म्हणून मीच जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून त्यात बसवला होता आणि ते भोक बुजवलं होतं. टाकीत निर्वात झालं की पेट्रोल उतरायचं थांबायचं. दहा मिनिटांत कुठून तरी हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालायची. त्यात मी दर वेळी पेट्रोल बघायला झाकण उघडत होतो, म्हणजे नकळत गाडी दुरुस्तच करत होतो. घरी येऊन दादांनी पोत्याच्या दाभणानं रबराला भोक पाडलं. काम संपलं. काढलेली जुनी कॉइल अजून डब्यात आहे, आणि ती चांगली आहे.

त्यानंतर मी कुठलाही बिघाड तो चालू असतानाच गाठायचा प्रयत्न करतो. प्लग पाना, पक्कड आणि एक जादा प्लग सीटखाली असतात ते त्याचसाठी.

वर्षाकाठी एकदा, शक्यतो सोयाबीनची रास घरी आल्यावर, आम्ही हेड आणि सायलेन्सर उतरवतो. धूर जाण्याचं भोक काजळीनं अर्धं बुजलेलं असतं. ती लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीनं खरवडायची, लोखंडानं नाही, नाहीतर पिस्टनवर ओरखडे पडतात. सायलेन्सरची आतली नळी उघड्यावर जाळून साफ करायची. एवढ्यानं गाडी चढाला एक गिअर वरचा घेते. नव्या जेटनं किंवा महागड्या प्लगनं जे होत नाही ते खरवडण्यानं होतं, असं मी खात्रीनं सांगतो.

हल्ली नवं दुखणं आलंय ते पेट्रोलचंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं बरंच उसापासून येतं, आणि ऊस तर आमच्याच लातूर भागात, पाण्याच्या टँकरच्या रांगा पाहिलेल्या जिल्ह्यात, उभा असतो. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या पद्धतीचं रबर फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज-मळ सोडवून खाली पाठवतं. तो जेटमध्ये अडकतो. म्हणून आम्ही कॉकची रबरं आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी बसवली, पेट्रोलला गाळणी लावली, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवायचं नाही. पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं, आणि कॉक तळाशीच असतो.

सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. नांदेडच्या जुन्या दुकानांत, भंगारात, कधी बंद पडलेल्या गॅरेजच्या फळीवर. १५ वर्षं झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं करावं लागतं आणि ते करावंच. बिनकागदाची जुनी गाडी रस्त्यावर आणण्यात काही मोठेपणा नाही.

सध्या आमची राजदूत लिंबाखाली अर्धी उघडी आहे. प्लग पांढुरका निघाला, मोकळ्यावर इंजिन आपोआप जोरात फिरायला लागलं. क्रँकला दोन बाजूंना दोन ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. इथं धूर नाही, हवा शिरतेय, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचा गेलाय. जिथं सील बसतो तिथं जाण्याआधी पॉइंटची प्लेट काढावी लागते, आणि ती काढण्यापूर्वी केसिंगवर आणि प्लेटवर एकाच रेषेत खूण करून ठेवायची असते, नाहीतर टायमिंग हुकतं. मी खिळ्यानं खूण करायला गेलो तर तिथं आधीच एक जुनी, गंजलेली रेघ होती, दादांची. तिच्या शेजारी माझी, मागच्या वेळची. दोन्हींत केसभराचं अंतर आहे. दादांची नजर आता अधू झालीय, पण रेघांवर नख फिरवून त्यांनी ते अंतर ओळखलं. नवा सील रविवारी बसेल. प्लेट या वेळी त्यांच्या रेघेवर लावून बघणार आहे.