वर्गणीदारास काय हवें असतें?

वाण्याच्या दुकानीं पावशेर चहा आणावयास गेलेल्या गृहस्थास दुकानदार जर म्हणाला, "चहा मिळेल, परंतु त्याबरोबर पोतेंभर तांदूळही घेतलाच पाहिजे," तर तो गृहस्थ दुसऱ्या दुकानाची वाट धरील. गांवांत दुसरें दुकानच नसेल, तर मात्र त्यास निमूटपणें तें ओझें घरीं न्यावें लागेल. अमेरिकेंतील टेलिव्हिजनच्या प्रेक्षकांची स्थिति अनेक वर्षें अशीच होती. तींतून सुटण्याचा मार्ग इंटरनेटनें दाखविला, तेव्हां त्यांनीं वर्गणी घेणाऱ्या कंपनीजवळ काय मागितलें, हें समजून घेणें बोधप्रद आहे. कारण कोणत्याही सेवेची परीक्षा कशी करावी, हें त्यावरून कळतें.

होम बॉक्स ऑफिस, म्हणजे एचबीओ, या कंपनीचें उदाहरण घेऊं. ता. ८ नोव्हेंबर १९७२ रोजीं पेनसिल्व्हेनिया राज्यांतील विल्क्स-बॅरी या शहरीं तिचें प्रक्षेपण सुरू झालें, तेव्हां तिचे वर्गणीदार अवघे ३६५ होते. चित्रपट चालू असतां मध्येंच जाहिराती घालावयाच्या नाहींत, त्याऐवजीं दरमहा वर्गणी घ्यावयाची, असा तिचा प्रेक्षकांशीं करार होता. परंतु ती आपला माल प्रेक्षकास स्वतः विकत नसे. घरोघर तार नेणाऱ्या केबल कंपन्या तो विकीत, वर्गणी गोळा करीत, व आपला वांटा ठेवून बाकीची रक्कम एचबीओस देत. त्यामुळें एचबीओ पाहावयाचें, तर आधीं केबल कंपनीचा पुष्कळशा वाहिन्यांचा गठ्ठा घ्यावा लागे. चहा पाहिजे, तर तांदूळ आलाच!

पुढें इंटरनेटवरून, मागतांक्षणीं, चित्र घरीं येऊं लागलें. यासच स्ट्रीमिंग म्हणतात. त्यांत संपूर्ण चित्रपट आधीं उतरवून घ्यावा लागत नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे एकामागून एक येत राहतात, व येतां येतां दिसत जातात. एचबीओनेंही २०१० सालीं 'एचबीओ गो' नांवाची अशी सेवा काढली. परंतु तिचें कुलूप केबलच्या वर्गणीदाराच्या किल्लीनेंच उघडे. तेव्हां जून २०१२ मध्यें प्रेक्षकांनीं "आमचे पैसे घ्या" अशा अर्थाची एक मोहीमच चालविली. केबलवांचून ही सेवा मिळाल्यास दरमहा किती द्याल, या प्रश्नास आलेल्या उत्तरांची सरासरी सुमारें १२ डॉलर निघाली. लोक फुकट मागत नव्हते, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ते पैसे हातांत घेऊन दाराशीं उभे होते. कंपनीनें त्यांच्या प्रेमाचा आनंदानें स्वीकार केला, परंतु दार उघडलें नाहीं.

हा केवळ हट्ट नव्हता. विक्री, जाहिरात व वसुली या सर्वांसाठीं एचबीओ केबल कंपन्यांवर अवलंबून होती. त्यांस डावलून स्वतः दुकान मांडावें, तर बिलांचा व तक्रारींचा भार अंगावर येणार, आणि जुने भागीदार रुष्ट होणार तें निराळेंच. एका चाकरास दोन धनी असले म्हणजे जी अडचण होते, तीच ही.

इतक्यांत प्रेक्षकांची दुसरी गरज उघड झाली. ९ मार्च २०१४ रोजीं 'ट्रू डिटेक्टिव्ह' या मालिकेच्या पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग, आणि ६ एप्रिल रोजीं 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या चवथ्या हंगामाचा पहिला भाग पाहण्यासाठीं एवढी गर्दी उसळली, कीं दोन्ही रात्रीं कित्येकांच्या पडद्यावर कांहींच उमटेना. आकाशांतून लाटा सोडणाऱ्या मनोऱ्याचें काम, दहा जण पाहोत वा दहा लाख, तेवढेंच असतें. स्ट्रीमिंगमध्यें प्रत्येक घराकडे निराळा प्रवाह पाठवावा लागतो, म्हणून पाहणारे वाढले कीं भारही वाढतो. वर्षभर चालणारी सेवा नेमक्या उत्सुकतेच्या घटकेस बंद पडली, तर लग्नाच्या दिवशींच आटलेल्या विहिरीसारखी तिची गत होते.

अखेर ७ एप्रिल २०१५ रोजीं दार उघडलें. 'एचबीओ नाउ' ही केबलच्या गठ्ठ्यावांचून मिळणारी सेवा दरमहा १४.९९ डॉलर वर्गणीनें सुरू झाली. तिची यंत्रणा बेसबॉलचे सामने इंटरनेटवरून दाखविण्यांत मुरलेल्या मेजर लीग बेसबॉलच्या तंत्रशाखेकडे सोंपविण्यांत आली होती; गर्दी म्हणजे काय, हें तिला अनुभवानें ठाऊक होतें. त्या वर्षाअखेर सुमारें ८ लाख वर्गणीदार मिळाले.

तथापि गोष्ट येथें संपली नाहीं. जें यंत्र माझ्या घरीं आहे त्यावर सेवा दिसली पाहिजे, ही प्रेक्षकांची तिसरी मागणी. २७ मे २०२० रोजीं 'एचबीओ मॅक्स' निघाली, तेव्हां अमेरिकेंत अतिशय प्रचलित असलेल्या रोकू व ॲमेझॉन फायर टीव्ही या उपकरणांवर ती मिळत नव्हती. कंपन्यांचा आपसांतील करार होईपर्यंत फायर टीव्हीच्या मालकांस नोव्हेंबरपर्यंत, व रोकूच्या मालकांस डिसेंबरपर्यंत थांबावें लागलें. नांवांचा घोळ आणखी वेगळा. गो, नाउ आणि मॅक्स यांतील भेद सामान्य माणसास उमगेना. पुढें २३ मे २०२३ रोजीं नांव नुसतें 'मॅक्स' झालें, व ९ जुलै २०२५ रोजीं पुन्हा 'एचबीओ मॅक्स'! ऑगस्ट २०२२ मध्यें तर अनेक कार्यक्रम, आणि 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमाचे सुमारें २०० जुने भाग, सेवेंतून काढून टाकण्यांत आले. काल दिसणारा आवडता भाग आज कां दिसत नाहीं, असें विचारणाऱ्या बालकास कंपनीचा ताळेबंद कसा समजावून सांगावा?

आतां या मागण्या एकत्र मांडून पाहा: हवें तेवढेंच घेण्याची मोकळीक, गर्दीच्या वेळीं न डगमगणारी यंत्रणा, घरांतील यंत्राशीं मेळ, एक ओळखीचें नांव, आणि दिलेली वस्तु टिकेल असा भरंवसा. यांत अपूर्व असें एकही नाहीं. चांगल्या वाण्याकडूनही आपण हेंच अपेक्षितों. आपल्या देशांतही दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांन्वयें १ फेब्रुवारी २०१९ पासून सशुल्क वाहिन्या एकेक निवडण्याची व्यवस्था अमलांत आली, ती याच न्यायानें.

परंतु विद्यार्थिमित्रहो, मोकळीक मिळाली म्हणजे जबाबदारीही आली. केबलचा गठ्ठा दुसऱ्यानें बांधलेला होता. आज पांच सेवांची वर्गणी एकदम भरून, आणि त्यांतील तीन पाहावयास विसरून, आपण तोच गठ्ठा स्वतःच्या हातांनीं बांधीत असतों. वर्गणी मात्र न विसरतां दरमहा खात्यांतून जात राहते. दरमहा सोडतां येतें, हा या नव्या सेवांचा मोठा गुण. पण सोडण्याची आठवण ठेवणारासच त्याचा लाभ. कंपनीनें प्रेक्षकाचें म्हणणें ऐकावें, हें खरेंच. परंतु आपणांस खरोखर काय पाहिजे, हा प्रश्न प्रेक्षकानें आधीं स्वतःस विचारला पाहिजे.